‘घरबसल्या पेन्शन’ म्हणणारी जाहिरात काय सांगत नाही?

“आपल्याच घरात राहा, दरमहा पैसे मिळवा.” रिव्हर्स मॉर्गेजची, म्हणजे उलट गृहकर्जाची जाहिरात अशीच गोड बोलते. पालममध्ये अम्मी-अब्बा घरी आणि मुलं परगावी असतील, तर ती लगेच पटते. म्हणून हे प्रकरण आपण नीट समजून घेऊ.

ही योजना 2007-08 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली. 60 वर्षांवरील मालक स्वतः घेतलेलं, राहतं घर तारण ठेवतो आणि बँक त्याला हप्त्याने पैसे देते. हयातीत परतफेड नाही, पण व्याज चढतच राहतं. समजा, 10 टक्के दराने दरमहा 5,000 रुपये 15 वर्षं घेतले. हाती येतात 9 लाख, देणं होतं जवळपास 20 लाख 70 हजार! म्हणजे ही पेन्शन नाही, कर्जच आहे.

मालकानंतर वारस कर्ज फेडून घर सोडवू शकतात. नाहीतर बँक घर विकते आणि उरलेली रक्कम वारसांना देते. आपल्या वारसा कायद्यातही आधी कर्ज, मग वाटे. व्याजाचा प्रश्न आहेच, त्याबद्दल आलिमांना जरूर विचारा.

प्रामाणिक जाहिरात हा हिशेब उघड मांडते. केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अटी दाव्याच्याच भाषेत हव्यात. दावा मराठीत आणि अटी बारीक इंग्रजीत, हे चालत नाही. फसवी जाहिरात दिसली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. आणि सही करण्याआधी मुला-मुलींना सोबत बसवा.