तुटलेला कान फेकू नका!

वाशीम - सोयाबीनच्या मळणीची घाई, रात्रीचा दुचाकी प्रवास, मोकाट कुत्र्याचा चावा किंवा कानातले हिसकावण्याचा प्रकार... वाशीमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात कान तुटण्यास असे कोणतेही निमित्त पुरते. रक्त थांबविण्याच्या धावपळीत तुटलेला तुकडा मात्र घटनास्थळीच राहून जाण्याची भीती असते. कान पुन्हा घडविण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा असतो.

बाह्यकर्ण म्हणजे पातळ त्वचेने मढविलेली लवचिक कूर्चा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; पोषण वरच्या आवरणातून मिळते. म्हणूनच त्वचेच्या अरुंद पट्टीने लोंबकळणारा कानही अनेकदा टाके घालून वाचविता येतो. पूर्ण तुटलेला लहान तुकडा थेट जोडता येतो. मोठ्या तुकड्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या सांधाव्या लागतात. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९८० मध्ये नोंदली गेली.

तुकडा हरवला, तरी मार्ग संपत नाही. जखम भरून व्रण मऊ झाल्यावर रुग्णाच्याच बरगड्यांची कूर्चा काढून दुसऱ्या कानाच्या मापाचा सांगाडा कोरतात व तो त्वचेखाली बसवितात. काही महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यात कान डोक्यापासून उचलून घेतात. अमेरिकेतील डॉ. रॅडफर्ड टॅन्झर यांनी १९५९ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. मात्र, कानाच्या पुनर्रचनेचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. कानाची पाळी सांधण्याचे १५ प्रकार आणि पाळीच उरली नसल्यास गालाच्या मांसातून ती घडविण्याची रीत सुश्रुतसंहितेत वर्णिली आहे.

बाह्यकर्ण गेल्याने सहसा बहिरेपण येत नाही. पण आवाजाची दिशा ओळखणे अवघड होते, चष्मा टिकत नाही आणि माणूस चारचौघांत वावरण्यास संकोचतो.

त्यामुळे पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

- जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. हळद, माती लावू नये.
- तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा. ही पिशवी बर्फावर ठेवावी. तुकड्याला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये.
- १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर असल्याने मोठ्या रुग्णालयात हलविण्याचा निर्णय लवकर घ्यावा.
- धनुर्वाताची आणि प्राणी चावल्यास रेबीजची लस टाळू नये.
- खर्चाच्या चिंतेने उपचार लांबवू नयेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.