दोन मुक्कामांमधील खोली

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात कोणी उच्च न्यायालयातील कामासाठी उतरतो, कोणी व्यापारासाठी, तर कोणी रामेश्वराच्या वाटेवर. विहारस्थळांतील हॉटेले खोल्या बहुधा दुपारच्या सुमारास रिकाम्या करून घेतात. नवा पाहुणा येईपर्यंत सफाईला दोन-तीन तास मिळतात. शहरातील अनेक लॉजमध्ये मात्र आल्या वेळेपासून २४ तास मोजण्याची रीत आहे. तेथे खोली पहाटेही रिकामी होते आणि सफाईला निश्चित वेळ अशी उरत नाही.

तरीही कामाचा क्रम मोडून चालत नाही. प्रथम खिडक्या उघडायच्या, राहिलेली वस्तू कचेरीत द्यायची, चादरी-अभ्रे काढायचे. बिछाना घालताना तंतू उडतात, म्हणून धूळ त्यानंतर, वरून खाली पुसायची. संडासाचे फडके पाण्याच्या पेल्याला लागता कामा नये. लादी सर्वांत शेवटी, आतल्या कोपऱ्याकडून दाराकडे.

ऑक्टोबर ते डिसेंबर येथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो. चादरी वाळत नाहीत. जादा जोड नसला, की घाईत ओलसर किंवा वापरलेलीच चादर अंथरण्याचा मोह होतो. झाडणाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याला वेळ आणि कापड किती दिले, हे पाहावे. किल्ली वेळेवर परत करणे तर आपल्याच हाती आहे. पुढच्या वाटसरूची निर्मळ शय्या त्या थोड्या मिनिटांवर अवलंबून असते.