न दुखणारी गाठ

वडोदऱ्यात अलकापुरीत राहणारी बाई सकाळी मॅमोग्राफीला जाऊन जेवायच्या वेळेला घरी परतू शकते. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या छोटा उदेपूरकडच्या शेतमजूर बाईला त्याच तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, बसभाडं जमवावं लागतं आणि सोबतीला माणूस शोधावा लागतो. त्यात गाठ दुखत नसेल, तर दवाखान्याचा विषयच निघत नाही. स्तनाच्या कर्करोगाची सुरुवातीची गाठ मात्र बहुधा दुखतच नाही.

अंतर केवळ किलोमीटरचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कर्करोगासाठी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या शहरात १.२ टक्के आणि खेड्यात ०.७ टक्के होत्या. म्हणजे सयाजी रुग्णालय जवळ असलेली दांडिया बाजारातली काकूही बहुधा तपासणीविना राहिलेली असते. संकोच आणि ‘मला काय झालंय?’ हा प्रश्न आड येतो.

प्रत्येक गावात मॅमोग्राफीचं यंत्र पोचवणं कठीण आहे. शिवाय तरुण वयात स्तनाच्या ऊती दाट असतात. क्ष-किरण चित्रात त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपू शकते.

यावर मुंबईत एक मार्ग तपासला गेला. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष आले. या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. सर्व वयोगट मिळून या आजाराच्या मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावी, असं केंद्राचं २०१६ चं मार्गदर्शन सांगतं. ते कागदावरून दारापर्यंत यायला हवं. महाराजा सयाजीरावांनी १९०६ साली सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण बडोदे संस्थानभर लागू केलं, मुलींसाठीही. शाळा मुलीपर्यंत नेता आली, तशी तपासणीही बाईपर्यंत नेता येईल.

तोवर आपण एवढं करू. आईला, काकूला, घरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारू, ‘तुमची तपासणी झाली का?’ आणि गाठ लागली तर दुखायची वाट न पाहता त्यांच्यासोबत दवाखान्यात जाऊ.