घरच्या मोटारीचे वंगणतेल : कोणते व किती

पुणे शहर व त्याच्या सभोवारच्या हवेली, मुळशी, दौंड, पुरंदर या तालुक्यांतील बागाईतदारांच्या घरी आता ट्रॅक्टर, पाण्याचे डिझेल एंजिन, एकदोन दुचाक्या आणि कुटुंबाच्या जाण्यायेण्याकरिता एक मोटार, एवढा यंत्रसंभार सहज आढळतो. यांपैकी पहिल्या दोहोंशी आपला परिचय जुना आहे. १९४६ साली खडकी येथे किर्लोस्करांचा ऑईल एंजिनांचा कारखाना निघाला, तेव्हापासून तर एंजिनाचे तेल ही वस्तू येथील शेतकऱ्यास मिठामिरचीइतकी ओळखीची झाली आहे. परंतु हा जुना परिचयच मोटारीच्या बाबतीत नडतो. ट्रॅक्टरसाठी आणलेली वीस लिटरची बादली शेडमध्ये असतेच; मोटारीत तेल कमी दिसले की त्यातलेच लिटरभर ओतून मोकळे व्हावयाचे, हा प्रघात आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. ओतताना काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच तो चालू राहतो. बिघाड पुढे दोनतीन वर्षांनी दिसतो, आणि त्याच्या दुरुस्तीचा आकडा कांद्याच्या एका पिकाचा नफा गिळून टाकील इतका मोठा असू शकतो.

तेल जितके दाट तितके चांगले, हा समज या प्रघाताच्या मुळाशी आहे. तो अगदीच निराधार नव्हता. बैलगाडीच्या आसाला घालावयाचे वंगण दाटच लागे, कारण पातळ असते तर ते ठिबकून गेले असते. आरंभीच्या मोटारी व विमाने यांच्या एंजिनांत तर आपल्या शेतातील एरंडेलसुद्धा वापरीत; १९०९ साली वेकफील्ड यांच्या इंग्रजी कंपनीने आपल्या तेलास ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते एरंडाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच. पुढे खनिज तेले आली, तरी ती एकाच श्रेणीची असत. थंडीत तीस क्रमांकाचे व उन्हाळ्यात चाळीस क्रमांकाचे तेल घालावे, असा नियम असे. १९५० नंतरच्या दशकात दोन्ही ऋतूंस चालणारी बहुश्रेणी तेले प्रचारात आली व हा नियम मागे पडला. मात्र त्याची आठवण उन्हाळ्यात ‘जरा जाड ऑईल टाका’ या सल्ल्याच्या रूपाने अद्याप टिकून आहे.

डब्यावरील आकड्यांचा अर्थ समजून घेतला, म्हणजे हा सल्ला का टाकाऊ आहे हे कळून येईल. ‘१५डब्ल्यू-४०’ यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा थंड तेल किती सहज हलते हे सांगतो. आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत प्रवाही. १५डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखाली २० अंशांवर करतात, तर ०डब्ल्यू तेलाची शून्याखाली ३५ अंशांवर. नंतरचा आकडा हा १०० अंश सेंटिग्रेड उष्णतेस तेल किती दाट राहते याचा आहे. त्या उष्णतेस वीस क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, आणि चाळीस क्रमांकाच्या तेलाचा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असावा लागतो. म्हणजे जवळजवळ दुप्पट. आता पुण्याची हवा पाहा. येथील वेधशाळेच्या नोंदीत नीचांक १९३५ सालचा १.७ अंशांचा, व उच्चांक १८९७ सालचा ४३.३ अंशांचा आहे. म्हणजे पाणी गोठेल अशी थंडी येथे पडत नाही. उलट बाहेर वीस अंश असोत की बेचाळीस, चालत्या एंजिनातील तेल शंभर अंशांच्या आसपासच राहावे, अशी योजना पाणी, रेडिएटर व थर्मोस्टॅट यांनी केलेली असते. तेव्हा वैशाखातील ऊन हे तेल बदलण्याचे कारण होऊ शकत नाही.

यावर कोणी विचारील की, पुण्यात बर्फ पडत नाही तर मोटारीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० वा ५डब्ल्यू-३० असली पातळ तेले का सांगितलेली असतात? कारण असे की, रात्रभर उभ्या असलेल्या एंजिनास पौषातील दहा अंशांची पहाटही पुरेशी थंड असते. शंभर अंशांवर पाण्यासारखे वाहणारे तेल त्या वेळी काकवीसारखे मंद असते, आणि एंजिन सुरू झाल्यावर ते वरच्या भागांपर्यंत पोहोचेपर्यंत जी झीज होते तीच मोठी असते. चाळीस अंशांस मोजले तरी १५डब्ल्यू-४० हे तेल ०डब्ल्यू-२० च्या दुपटीहून अधिक दाट भरते. आजच्या एंजिनात बेअरिंगमधील फट फार बारीक, तेलाच्या वाटा अरुंद, आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालणारी असते. तिला दाट तेल वेळेवर मिळत नाही. शिवाय पेट्रोलही अधिक जळते. याचा अर्थ सर्वांनी पातळच तेल घ्यावे असा मात्र नव्हे. ज्यांनी जुनी ॲम्बॅसडर किंवा पद्मिनी हौसेने राखली आहे त्यांनी तिच्यात ०डब्ल्यू-२० घातले, तर सैल फटींमुळे तेलाचा दाब उतरेल व गळती लागेल. त्या एंजिनाची घडण ध्यानात घेऊन ज्याने पुस्तिका लिहिली, त्याचेच म्हणणे प्रमाण मानावे.

दाटपणाइतकीच महत्त्वाची, पण फारसे कोणी न वाचणारी गोष्ट म्हणजे तेलाची जात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत ‘एस’ने आरंभ होणारी अक्षरे पेट्रोल एंजिनाची, व ‘सी’ने आरंभ होणारी डिझेलची असतात. पेट्रोलसाठी २०१० साली ‘एसएन’ व २०२० साली ‘एसपी’ ही श्रेणी आली. ट्रॅक्टरच्या बादलीवर बहुधा ‘सीएफ-४’ किंवा ‘सीआय-४’ लिहिलेले आढळते. ते तेल वाईट नव्हे, आपल्या कामास उत्तमच आहे. परंतु त्यात राख व फॉस्फरस यांचा अंश अधिक असतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ हे धुराचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारा फिल्टर असतो. काजळी जाळून टाकता येते, राख जळत नाही. ती साचत जाऊन फिल्टर बुजतो. पेट्रोल मोटारीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरास फॉस्फरस असाच मारक ठरतो. म्हणून पुस्तिकेत ‘एसीईए सी२’ किंवा ‘सी३’ असे लिहिले असेल, तर ती अक्षरे डब्यावर दिसल्याखेरीज डबा घेऊ नये. मोटारीचे उरलेले तेल दुचाकीत घालणे हेही टाळावे. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो व मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणारी द्रव्ये त्यास घसरवितात. तिच्यासाठी ‘जासो एमए’ अशी खूण असलेले तेल निराळे मिळते. तेल सिंथेटिक घ्यावे की साधे, हा प्रश्न त्यामानाने लहान आहे. दाटपणा व जात जुळली, की त्याचे उत्तर बहुतेक आपोआपच मिळते.

आता किती घालावे, हे पाहू. येथे आमचा आग्रह असा की, डबा हे माप नव्हे. तीन, साडेतीन, चार, पाच लिटर असे डबे विक्रीच्या सोयीने भरलेले असतात. लहान पेट्रोल मोटारीस साधारणतः तीन ते चार लिटर, व मोठ्या डिझेल मोटारीस पाच ते सात लिटर तेल लागते; नेमका आकडा पुस्तिकेत असतो, आणि कित्येकदा तेथे फिल्टर बदलल्यास एक व न बदलल्यास दुसरा असे दोन आकडे दिलेले असतात. शिवाय चेंबरचा नट काढून कितीही वेळ थांबले, तरी थोडे जुने तेल आत राहतेच. म्हणून सांगितलेल्या मापापेक्षा पावशेर-अर्धा लिटर हाती राखून तेल ओतावे, एंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे नवा फिल्टर भरेल, आणि मग पट्टी पाहून उरलेले घालावे.

पट्टी पाहताना मोटार सपाट जागी असावी. बांधावर, उतारावर वा एक चाक गटाराच्या काठी चढवून पाहिलेली पट्टी खोटे बोलते. एंजिन बंद करून पाचदहा मिनिटे जाऊ द्यावीत, पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पुरी आत घालून मग वाचावी. वरच्या व खालच्या खुणांमधील अंतर बहुतेक मोटारींत सुमारे एक लिटराचे असते. तेव्हा तेल मध्यावर असल्यास अर्ध्या लिटरहून अधिक घालण्याचे कारण नाही. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा हिशेब येथे चालत नाही. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली, तर फिरणारा क्रँक तेलावर आपटून त्याचा फेस करतो, ताक घुसळावे तसा. फेसात हवा असते. पंप तेलाऐवजी हवा ढकलू लागतो आणि भरल्या चेंबरातही बेअरिंगे कोरडी पडतात. डिझेल मोटारीत तर जादा तेल हवेच्या वाटेने सिलिंडरात जाऊन एंजिन चावी बंद केल्यावरही बेफाम धावल्याची उदाहरणे आहेत. अधिक पडलेले तेल काढून टाकावे, ‘जळून जाईल’ म्हणून थांबू नये.

तेल न घालता पातळी वाढत असेल, तर मात्र विशेष सावध व्हावे. तेल कमी झाले की लोकांस काळजी वाटते, वाढले की समाधान वाटते. वस्तुतः दुसरी गोष्ट अधिक गंभीर असू शकते. नव्या डिझेल मोटारीतील काजळीचा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी एंजिन मधूनमधून जादा डिझेल आत सोडून नळी तापविते, आणि त्यास काही वेळ सलग वेगाने चालणे आवश्यक असते. जी मोटार केवळ हडपसरहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डापर्यंत गर्दीतून जाते-येते, तिचे हे काम अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल सिलिंडराच्या भिंतीवरून तेलात उतरते. पातळी चढते, तेल पातळ होते. पट्टीस डिझेलचा वास येतो काय, हे अशा वेळी पाहावे व तेल बदलून घ्यावे. अशी मोटार आठपंधरा दिवसांतून एकदा सासवड वा चाकणच्या रस्त्यावर अर्धा तास मोकळी चालवावी. पट्टीवरील तेल दुधी दिसू लागले, तर त्यात पाणी शिरले आहे. मग मोटार मुळीच चालवू नये.

तेलाच्या झारीचे तांबडे चित्र समोर पेटले, म्हणजे तेल भरण्याची आठवण झाली, असे पुष्कळजण समजतात. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा आहे. कात्रजच्या घाटात असा किंवा घरापासून हाकेच्या अंतरावर असा, एंजिन तत्काळ बंद करावे; त्यापुढील एक किलोमीटर फार महाग पडतो.

बदलण्याची मुदत बहुतेक मोटारींत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांत जे आधी येईल ते. थोड्या चालणाऱ्या मोटारीस वर्षाचाच नियम लागतो, हे घरच्या मोटारीच्या बाबतीत हटकून विसरले जाते. तेल काढाल तेव्हा ते मापून पाहावे, अशी आमची सूचना आहे. चार लिटर घातले होते व तीनच निघाले, तर मधल्या काळात एंजिनाने लिटरभर खाल्ले. हा आकडा दरवर्षी वहीत टिपला, तर पिस्टनच्या रिंगांची अवस्था एंजिन न उघडता कळते. निघालेले काळे तेल गुऱ्हाळाच्या चुलाणात जाळणे, कुंपणाच्या खांबांस फासणे किंवा ओढ्यात सोडणे वर्ज्य समजावे. त्यात धातूंचे विषारी अंश असतात व २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे पोहोचविणाऱ्या गॅरेजात द्यावे. त्या डब्यात पाणी, रॉकेल वा फवारणीच्या औषधाचा अंश मिसळू देऊ नये, कारण मिसळलेले तेल पुन्हा शुद्ध करता येत नाही व मग ते कोणी घेतही नाही.