मानेंची रंगीत पत्रे
फ्रेंच चित्रकार एदुआर माने (१८३२–१८८३) यांना अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने ग्रासले. १८८० च्या उन्हाळ्यात जलोपचारासाठी ते पॅरिसजवळच्या बेलव्ह्यू येथे राहिले. मोठ्या कॅनव्हाससमोर फार वेळ उभे राहणे जड जाई. पत्राचा कागद मात्र बसल्या जागी रंगवता येई. मैत्रिणींना धाडलेल्या पत्रांत त्यांनी जलरंगांत आलुबुखार, बदाम, गोगलगाय, मांजर असे जे समोर दिसेल ते चितारले. इझाबेल लमोनिए यांना १४ जुलैला पाठवलेल्या पत्रात ध्वज आहेत. फ्रान्सने हा दिवस राष्ट्रीय सण म्हणून त्याच वर्षी प्रथम साजरा केला होता. मजकूर बहुधा दोन-चार ओळींचाच. चित्रेही चिमुकली, पण हात कुठेही थकलेला दिसत नाही. यांतील काही पत्रे पॅरिसच्या संग्रहालयांत जपलेली आहेत.