मोठेपणी मँडोलिन: प्रगती नेमकी कधी मोजायची?

समजा, तिशीच्या उंबरठ्यावर तुम्ही मँडोलिन शिकताय आणि लवकरच चर्चच्या बँडमध्ये वाजवायचंय. तारा आठ, पण जोड्या चारच. शेजारच्या दोन जोड्यांत षड्ज-पंचमाचं अंतर. छेडलेला नाद लगेच विरतो, म्हणून लांब स्वरासाठी पिक भरभर खाली-वर चालवायचा.

आता प्रश्न असा: रविवारची तीन गाणी एकेक करून घोटायची, की आलटून-पालटून वाजवायची?

१९७९ साली शे आणि मॉर्गन यांनी हाच प्रश्न हाताच्या साध्या हालचालींवर तपासला. एका गटाने तीन हालचाली एकेक करून घोटल्या, दुसऱ्याने मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली, तर मिसळणारा गट सरस ठरला!

असं का? एक स्पष्टीकरण म्हणजे, काम बदललं की पुढची हालचाल दर वेळी नव्याने आठवावी लागते. बँडमध्येही तेच लागतं. तुमची कॉर्ड चुकली म्हणून गाणारे थांबत नाहीत.

अर्थात, हा प्रयोग वाद्यावरचा नव्हता. अगदी नवशिक्यांनी आधी बोटं बसवावीत, मग गाणी मिसळावीत.

संशोधनाच्या दृष्टीने मुद्दा हा, की आज जमलं ती कामगिरी. काही दिवसांनी उरलं ते शिकणं. म्हणून सरावाच्या शेवटचं नको, दुसऱ्या दिवशीचं पहिलंच वाजवणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि आपला प्रयोग आखतानाही आधी ठरवा: यातलं आपण नक्की काय मोजतोय?