टोइंग व क्रेनकामातील दुखापती

बंद पडलेली, उलटलेली किंवा अपघातग्रस्त वाहने उचलताना अथवा ओढून नेताना क्रेनचालक, मदतनीस व मेकॅनिक यांना होणाऱ्या इजांना टोइंग व क्रेनकामातील दुखापती म्हणता येईल. वर्धा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्ग ४४ हिंगणघाट व जाम येथून, तर समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जातो. अशा महामार्गांवर हे काम बहुधा वाहतूक सुरू असतानाच करावे लागते.

कारणे

मागून येणारे वाहन हा प्रमुख धोका होय. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. या वेगाने वाहन सेकंदाला सुमारे ३३ मीटर अंतर कापते. परावर्तक त्रिकोण केवळ ५० मीटर मागे ठेवल्यास चालकाला जेमतेम दीड सेकंद मिळतो. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तो संपतो.

ताणलेला वायर रोप तुटल्यास किंवा हूक निसटल्यास रोप चाबकासारखा उलट फिरतो. वाहन अचानक घसरल्यास हात वा पाय चिरडतो.

ट्रकच्या एअर ब्रेकमधील हवा संपली की स्प्रिंगच्या जोरावर चाके जखडतात. ओढण्यासाठी ही स्प्रिंग मोकळी करताच ट्रक ब्रेकविना राहतो आणि किंचित उतारावरही सरकतो. त्या वेळी मेकॅनिक गाडीखाली असल्यास जीवावर बेतते.

खबरदारी

त्रिकोण व दिवे बरेच मागे ठेवणे, परावर्तक जाकीट घालणे, स्प्रिंग मोकळी करण्यापूर्वी चाकांना उटी लावणे, रोपाच्या रेषेत कोणालाही उभे न करणे आणि झिजलेला रोप बाद करणे हे मूलभूत उपाय आहेत.

नुकसानभरपाई

कामामुळे व काम करत असताना झालेल्या अपघाताची भरपाई देण्याचे दायित्व १९२३च्या कायद्याने मालकावर टाकले. हीच चौकट सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के, तर कायमस्वरूपी पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढतात. कायद्याने किमान रक्कमही ठरवली आहे. मुख्य मालकाच्या व्यवसायाचेच काम कंत्राटदारामार्फत करून घेतले जात असल्यास मुख्य मालकाकडेही दावा करता येतो.

दुसऱ्या वाहनाने धडक दिल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही जाता येते. मात्र याच कायद्याच्या कलम १६७ नुसार दोहोंपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.